शून्याच्या दोन्ही कडा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल परवा रात्री वाचली आणि काल दिवसभर तीच डोक्यात घोळत होती. तुमच्या छोट्या उपग्रहाची थर्मोव्हॅक चाचणी, म्हणजे निर्वात पात्रात थंड-गरम करून पाहणं, चालू असताना बॅटरीच्या करंटचा चॅनल 11 मिनिटं शून्य दाखवत राहिला आणि मग आपोआप सुरळीत झाला. टीममधल्या सीनियर मुलांनी 'लॅबमधला नॉइज असेल' असं म्हणून तेवढा तुकडा ग्राफमधून काढायला सांगितला. आणि तू विचारतेस, काढू का? शेवटी लिहिलंस, एवढ्याशा गोष्टीसाठी त्रास देतेय. गेल्या वर्षभरात तू मला रॉकेटबद्दल, परदेशातल्या प्रवेशाबद्दल, नोकऱ्यांबद्दल बरंच विचारलंस. त्या सगळ्यांपेक्षा हा प्रश्न मोठा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

काढू नकोस. कारण सांगायला मला तुला 1958 सालात न्यावं लागेल.

तेव्हाचं वातावरण तुला ठाऊक आहे. 4 ऑक्टोबर 1957 ला सोव्हिएत संघानं स्पुटनिक सोडला, 83.6 किलोचा चकचकीत गोळा आणि त्याला चार अँटेना. अमेरिकेचं व्हॅनगार्ड रॉकेट त्याच डिसेंबरात सगळ्या जगासमोर मीटरभर वर उचललं गेलं, खाली बसलं आणि पेटलं. टोकावरचा दीड किलोचाही नसलेला उपग्रह बाजूला फेकला गेला आणि जमिनीवर पडल्या पडल्या आपला सिग्नल पाठवत राहिला. मग 31 जानेवारी 1958 च्या रात्री एक्सप्लोरर 1 वर गेला. रिकाम्या शेवटच्या टप्प्यासकट वजन जेमतेम 14 किलो. त्यात आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांच्या गटानं बनवलेला एक गायगर काउंटर होता, म्हणजे आत शिरलेल्या प्रत्येक किरणकणामागे एक ठोका मोजणारी ट्यूब. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, मोजायचे, एवढंच त्याचं काम. अंदाज होता की सेकंदाला साधारण 30 ठोके मिळतील.

एक्सप्लोरर 1 वर टेपरेकॉर्डर नव्हता. जॉर्ज लुडविग नावाच्या विद्यार्थ्यानं तो बनवत आणला होता, पण रॉकेट बदललं, वरचे टप्पे मिनिटाला शेकडो फेरे फिरणार हे कळलं, आणि त्या गरगरण्यात टिकेल असा रेकॉर्डर वेळेत होईना. त्यामुळे खालचं एखादं ग्राउंड स्टेशन ऐकत असेल तेवढीच मिनिटं माहिती हाती यायची. जगभरच्या स्टेशनांवरच्या टेप एकेक करून आयोवाला पोचायच्या आणि त्यावरून कागदाच्या पट्ट्यांवर रेघा उमटायच्या.

इथे नीट थांब, कारण तुझा प्रश्न इथेच आहे. त्या कागदांवर दोन प्रकारचं 'काही नाही' होतं. एक, जिथे ऐकायलाच कुणी नव्हतं. दुसरं, जिथे सिग्नल स्वच्छ येत होता, आतलं तापमान नीट कळत होतं, आणि तरीही काउंटर म्हणत होता शून्य. कमी उंचीवर आकडे अपेक्षेप्रमाणे, आणि दक्षिण अमेरिकेवरून उंच जाताना शून्य. वैश्विक किरण तर तुझ्या-माझ्या अंगणातही थांबत नाहीत. तिथे वर ते नाहीसे व्हायचं काही कारणच नव्हतं. म्हणजे हे शून्य अशक्य होतं. काउंटर बिघडला असं म्हणून विषय मिटवणं अगदी सोपं होतं, आणि पहिले काही आठवडे तीच शंका होती.

एक्सप्लोरर 2 कक्षेत पोचलाच नाही. 26 मार्चला एक्सप्लोरर 3 गेला आणि त्यात लुडविगचा रेकॉर्डर होता. सुमारे दोन तासांच्या संपूर्ण प्रदक्षिणेची नोंद तो साठवायचा आणि खालून आज्ञा मिळाली की काही सेकंदांत सगळी ओतून टाकायचा. अशी पहिली पूर्ण नोंद व्हॅन अ‍ॅलन यांना वॉशिंग्टनमध्ये मिळाली. त्यांनी ग्राफपेपर आणि पट्टी विकत घेतली आणि हॉटेलच्या खोलीत मध्यरात्र उलटून जाईपर्यंत एकेक बिंदू हातानं मांडला. ग्राफ असा: आकडे आधी नेहमीचे, मग चढत चढत मोजता येईल त्या कमाल मर्यादेपर्यंत, तिथून एकदम शून्य. काही मिनिटं शून्यच. मग पुन्हा थेट कमाल मर्यादा, आणि उतरत उतरत नेहमीचे.

ते शून्य एकटं नव्हतं गं. त्याच्या दोन्ही कडांना डोंगर होते.

तिकडे आयोवात कार्ल मॅक्इल्वेन या दुसऱ्या विद्यार्थ्यानं तसंच शिल्लक उपकरण एक्स-रेच्या झोतासमोर धरून पाहिलं. झोत वाढवला की ठोके वाढायचे, आणि एका मर्यादेपलीकडे मोजणी कोसळून शून्यावर यायची. कारण असं की ट्यूबमध्ये एक कण शिरला की आतल्या वायूत विजेचा ठोका उमटतो आणि मग क्षणाच्या अगदी लहान अंशापुरती ट्यूब बधिर होते. ती सावरायच्या आत पुढचा कण आला, त्यामागून आणखी आला, तर ठोके इतके खुजे होतात की पुढचं सर्किट त्यांना ठोका मानतच नाही. पालखीच्या दिवशी दिवे घाटात वारकरी मोजायला एका मुलाला बसवलंय असं समज. माणूस दिसला की वहीत एक रेघ. सकाळी एकेकटे येताहेत तोवर हिशेब चोख. दिंड्यांचा लोंढा आला की पेन्सिल टेकवायलाही सवड मिळत नाही आणि वही कोरी राहते. नंतर नुसती वही पाहणारा म्हणेल, दुपारी घाटात चिटपाखरू नव्हतं.

त्या उंचीवर किरणोत्सार अपेक्षेच्या निदान हजार पट होता. 1 मे 1958 ला व्हॅन अ‍ॅलन यांनी ते जाहीर केलं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या विद्युतभारित कणांचे ते पट्टे आज त्यांच्याच नावानं ओळखले जातात आणि तुमच्या उपग्रहाच्या इलेक्ट्रॉनिक्सला किरणोत्साराची किती मात्रा सोसावी लागेल याचं गणित आजही तिथूनच सुरू होतं. अवकाशयुगातला हा पहिला मोठा शोध एका न पटणाऱ्या शून्यातून लागला.

आता याची दुसरी बाजू ऐक, कारण ती तुमच्या लॅबशी फार जुळते. सोव्हिएत संघानं 15 मे 1958 ला स्पुटनिक 3 सोडला. 1,327 किलोची उडती प्रयोगशाळाच होती ती, अमेरिकेच्या तेव्हाच्या कुठल्याही उपग्रहाच्या कितीतरी पट मोठी. तिच्यावर टेपरेकॉर्डर होता. उड्डाणाआधीच्या चाचणीत तो नीट चालला नव्हता. चाचणीच्या खोलीत इतके विद्युत सिग्नल आहेत, त्यामुळे तसं झालं असेल, वर गेल्यावर ठीक चालेल, असं म्हणून तो तसाच पाठवला गेला. वर तो चाललाच नाही. परिणाम असा की एवढी उपकरणं सगळ्या जगावरून फिरत असताना सोव्हिएत स्टेशनांवरून जाताना जेवढं ऐकू आलं तेवढंच प्रामुख्यानं हाती लागलं, आणि किरणोत्साराचे पट्टे सबंध प्रदक्षिणेवर मोजून काढायची संधी गेली. त्याआधीच्या स्पुटनिक 2 वरही सोव्हिएत शास्त्रज्ञ वर्नोव्ह यांच्या गटाचे काउंटर होते, पण त्याची कक्षा अशी की सोव्हिएत भूमीवर तो सर्वांत खाली असायचा आणि उंच जायचा तो दक्षिण गोलार्धात. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्याइतकं कुणीही तेव्हा वर उचलून नेलेलं नव्हतं. म्हणूनच ते एक वाक्य, 'खोलीतल्या सिग्नलमुळे असेल', मला इतकं लागतं. ते वाक्य चुकीचंच असतं असं नाही. पण ते तपासून पाहण्याजोगं असतं, आणि तिथे घाईत कुणी ते तपासलं नाही.

हे वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही एक उपकरण बलूनवर पाठवणार होतो, त्यात हजारभर व्होल्टचा हाय व्होल्टेज पुरवठा होता. निर्वात पात्रात चाचणी घेताना पंप सुरू केल्यावर मध्येच एकदा तो व्होल्टेज पडला. 40 सेकंदांत पुन्हा वर आला आणि नंतर तासभर ठाम राहिला. मी वहीत लिहिलं, 'पंप सुरू होताना नॉइज'. वरिष्ठांनी सही केली. बलून वर गेला आणि ठरलेल्या उंचीवर तरंगायला लागला, तसं आमचं उपकरण आंधळं झालं ते उड्डाण संपेपर्यंत. हवा दाट असताना ती विजेला अडवते, पूर्ण निर्वातही अडवतं, पण मधल्या एका विरळ टप्प्यात हवेतून ठिणगी सहज वाहते. आमच्या पात्रानं तो टप्पा 40 सेकंदांत ओलांडला होता. बलून मात्र नेमका त्याच टप्प्यात तासन्‌तास थांबला. नंतर ती वही काढून पाहिली तेव्हा माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं होतं, वेळेसकट आणि दाबासकट. त्या दिवशी पात्र पुन्हा एकदा, हळूहळू रिकामं केलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

म्हणून तुझ्या 11 मिनिटांबद्दल मला काही गोष्टी हव्यात. शून्य सुरू झालं तेव्हा चेंबरमध्ये उपग्रह ठेवलेल्या प्लेटचं तापमान किती होतं, आणि संपलं तेव्हा किती? दोन्ही आकडे जवळपास सारखे निघाले, म्हणजे थंड होताना ज्या अंशावर गेलं आणि गरम होताना त्याच अंशाच्या आसपास परत आलं, तर तो नॉइज नव्हे. एखादा सांधा आकुंचन पावून सुटतोय किंवा सेन्सरची चिप त्या तापमानाखाली गप्प होतेय. आकडे अगदीच वेगळे निघाले तर वेगळा विचार करू. शिवाय शून्याच्या आधीच्या मिनिटात करंटनं काय केलं? हळूहळू उतरला की कडेलोट झाला? चढला होता का? तू पाठवलेल्या ग्राफमध्ये बिंदूंची सरासरी काढून रेघ गुळगुळीत केली आहे, त्यामुळे कडा दिसतच नाहीत.

आणि सर्वांत आधी हे पाहा की ते शून्य 'मोजलेलं' आहे की 'भरलेलं'. तुमच्या प्रोग्राममध्ये सेन्सरकडून उत्तर आलं नाही तर तिथे काय लिहिलं जातं? पुष्कळ मुलं सुरुवातीला तिथे 0 लिहून मोकळी होतात. मग एक्सप्लोरर 1 च्या कागदावर जी दोन प्रकारची 'काही नाही' वेगवेगळी दिसत होती ती तुमच्या फाइलमध्ये एकच होऊन बसतात, आणि नंतर कुणालाच ती सोडवता येत नाहीत. करंट खरोखर शून्य होता, आणि करंट किती होता हे आम्हाला कळलं नाही, ही दोन संपूर्ण वेगळी विधानं आहेत. उत्तर न आल्याची खूण वेगळीच ठेवा. हा बदल आजच करून टाका.

जादा सर्किट बोर्डाचंही तसंच. मॅक्इल्वेनकडे तसंच दुसरं उपकरण होतं म्हणून त्याला ते एक्स-रेसमोर धरता आलं. वर गेलेल्या उपग्रहाला प्रश्न विचारता येत नाहीत, त्याच्या जमिनीवरच्या जुळ्या भावंडाला विचारता येतात. पैसे वाचवायला तुम्ही दुसरा संच बनवायचा नाही असं ठरवता आहात, असं तू मागे लिहिलं होतंस. सोलर पॅनेल एकच ठेवा हवं तर, पण बोर्ड दोन करा.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट सांगतो, मला फार आवडणारी. स्पुटनिक शुक्रवारी गेला. सोमवारी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीच्या कॅन्टीनमध्ये विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुणांच्या लक्षात आलं की हा सिग्नल आपल्याकडे अजून कुणी ऐकतच नाहीये. वायफेनबाखकडे कामाचा एक चांगला रिसीव्हर होता. तारेचा तुकडा अँटेना म्हणून जोडला आणि बसले ऐकत. सिग्नल होता 20 मेगाहर्ट्झच्या किंचित वर, आणि बरोबर 20 मेगाहर्ट्झवर वेळ सांगणारं सरकारी रेडिओ केंद्र तिथे जवळच होतं. दोहोंतला फरक कानाला ऐकू येईल अशा स्वरात उमटायचा आणि शेजारीच अचूक वेळही मिळायची. त्यांनी तो टेप केला. उपग्रह येताना स्वर चढा, डोक्यावरून जाताना घसरत घसरत खाली. स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी उतरते तसा. 20 मेगाहर्ट्झला हा बदल दोन्ही बाजूंना फार तर 500 हर्ट्झच्या आसपास. एखाद्यानं रिसीव्हर पुन्हा ट्यून करून तो घालवला असता आणि सिग्नल छान स्थिर झाला म्हणून खूष झाला असता. या दोघांनी तो घसरताच ठेवला, त्याचा आलेख काढला, आणि निव्वळ त्या घसरणीच्या आकारावरून स्पुटनिकची कक्षा शोधून काढली. पुढच्या मार्चमध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी विचारलं, ऐकणाऱ्याची जागा माहीत असताना उपग्रह सापडतो, तर उपग्रहाची कक्षा माहीत असताना ऐकणाऱ्याची जागा सापडेल का? पाणबुड्यांना समुद्रात आपलं ठिकाण कळणं तेव्हा फार गरजेचं होतं. एप्रिल 1960 मध्ये ट्रान्झिट 1बी कक्षेत गेला. जीपीएसची पद्धत पुढे वेगळी झाली, पण उपग्रह ऐकून आपण कुठे आहोत हे शोधायची वाट त्या कॅन्टीनमधून निघाली.

तुमच्या टीममध्ये मेकॅनिकलची मुलं एका खोलीत आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुसऱ्या खोलीत बसतात, हे ऐकून मला वाईट वाटलं होतं. एकत्र जेवत जा. खरंच सांगतो.

आणि तो छोटा व्हॅनगार्ड? मार्च 1958 मध्ये तसाच दुसरा पोचला कक्षेत, 1.47 किलोचा, सौर घटांवर चालणारा पहिला उपग्रह. आजही तो वर फिरतो आहे, गप्प होऊन. त्याची कक्षा काही महिने मोजल्यावर गणितात एक अगदी बारीक, नियमित चढउतार उरत होता, कशानंच जात नव्हता. जॉन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये दाखवलं की पृथ्वीच थोडी नासपतीच्या आकाराची आहे. उत्तरेला सुमारे 15 मीटरचा उंचवटा, दक्षिणेला तेवढीच खोलगट. गणितात उरलेल्या त्या किंचित चुकीत आपल्या पायाखालची जमीन होती.

मला एक गोष्ट नेहमी जाणवते. व्हॅन अ‍ॅलन, वर्नोव्ह आणि आपले विक्रम साराभाई हे तिघेही मूळचे वैश्विक किरणांचे अभ्यासक. कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीसही त्याच विषयातले, आणि केरळातल्या थुंबा या रॉकेट तळाची जागा निवडण्यात त्यांचा मोठा वाटा. 21 नोव्हेंबर 1963 ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. या विषयातल्या माणसाचं निम्मं आयुष्य काउंटर खरं बोलतोय की खोटं हे ओळखण्यात जातं. डोंगरावर, बलूनवर, खाणीत तेच उपकरण वेगवेगळं वागतं आणि त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. मला वाटतं, सुरुवातीचे उपग्रह अशा माणसांच्या हाती पडले हे आपलं सगळ्यांचं भाग्य. तुझं रॉकेटचं वेड मला ठाऊक आहे आणि ते असू दे, पण सेन्सरच्या टेबलावर आणखी एक वर्ष काढ. तू तिथे चांगली आहेस. ही मेल लिहिणारी मुलगी तिथे चांगली असतेच.

राहिला सीनियर मुलांचा आणि गाईडचा प्रश्न. भांडू नकोस. ती मुलं खोटेपणा करताहेत असं मला मुळीच वाटत नाही. रिव्ह्यू तोंडावर आलाय आणि ती दमली आहेत. ग्राफ पूर्ण ठेव, ती 11 मिनिटं राखाडी पट्टीनं दाखव आणि खाली लिही: 'कारण अद्याप कळलेलं नाही, चाचणी पुन्हा घेत आहोत.' गाईडना दाखवताना आधी तापमानाचे दोन आकडे पुढे ठेव, मत नंतर सांग. रिव्ह्यूला बसणाऱ्यांना, निदान मी बसायचो तेव्हा मला, असा एक राखाडी तुकडा असलेला ग्राफ नितळ ग्राफपेक्षा जास्त विश्वासाचा वाटायचा. चेंबर पुन्हा मिळणार नसेल तर नुसता बोर्ड पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, तारा बाहेर काढा आणि हळूहळू थंड करत रीडिंग घ्या. बाहेर काढताना बोर्डावर दव धरतं, तो पूर्ण कोरडा होईपर्यंत वीज देऊ नका. निर्वात मिळणार नाही, पण सांधा सुटत असेल तर एवढ्यानंही कळेल.

जाता जाता, एक्सप्लोरर 1 आपल्या लांब अक्षाभोवती फिरावा अशी योजना होती, पण त्याच्या लवचिक अँटेना हलत राहिल्या, ऊर्जा झिजत गेली आणि तो आडवा होऊन गटांगळ्या खायला लागला. तुमच्याही अँटेना मोजपट्टीच्या पात्यासारख्या वाकणाऱ्या आहेत. तुमच्या फिरण्याच्या गणितात त्या ताठ धरल्या आहेत का, तेही एकदा बघून घे.

आज रात्री मला मूळ फाइल पाठव. सरासरी न काढलेली, जशी चेंबरमधून निघाली तशी, वेळ आणि तापमानाच्या रकान्यांसकट. मी सकाळी लवकर उठतो, चहाच्या आधी बघून ठेवीन. आणि दुसरा बोर्ड करायला किती खर्च येईल तेही कळव.

तुझे,
सर